गाडी थरथरते, क्लच वाजतो : इंजिन खोलण्याआधी एवढे पाहा

विहिरीवरचे ऑइल इंजिन हादरायला लागले तर आपल्यापैकी कोणी लगेच पिस्टन काढायला बसत नाही. आधी फाउंडेशनचे बोल्ट बघतो. पट्टा बघतो. इंजिनाची आणि पंपाची पुली एका रेषेत आहे का ते बघतो. मग गरज पडली तर इंजिनाकडे वळतो. हे शहाणपण मोटारसायकलच्या बाबतीत मात्र आपण गुंडाळून ठेवतो. गाडी थरथरू लागली, क्लचजवळ कटकट सुरू झाली, की गाडी गॅरेजला लावायची आणि "बघ रे बाबा, काय आहे ते" म्हणून निघून यायचे. संध्याकाळी जावे तर इंजिन खोललेले आणि बोअर-पिस्टनचे बिल तयार. एवढे करून थरथर जाते का? पुष्कळदा जात नाही, कारण दुखणे दुसरीकडेच असते.

एका सिलिंडरच्या गाडीला थोडी थरथर जन्मजातच असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला क्षणभर थांबून उलटा फिरतो. त्याचा हिसका भरून काढण्यासाठी क्रँकला वजन दिलेले असते. पण हे वजन पुरेपूर दिले तर वरखाली हादरा जातो आणि मागेपुढे तेवढाच हादरा सुरू होतो. म्हणून बनवणारे साधारण निम्म्यावर तडजोड करतात. अलीकडच्या काही गाड्यांत क्रँकच्या उलट दिशेने फिरणारा वजनदार दांडा वेगळा बसवतात. रॉयल एनफिल्डने २०२० साली आणलेल्या ३५० सीसीच्या नव्या इंजिनात तो आहे, जुन्या बुलेटमध्ये नव्हता. तेव्हा जुनी गाडी थरथरते एवढ्यावरून ती बिघडली असे होत नाही. कालपर्यंत नव्हती ती थरथर आज आली का, हा खरा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी गळीत आटोपल्यावर आमच्या गटातले पाच-सहा सभासद मोटारसायकलींवर शिरढोणला गेलो होतो. पनवेल तालुक्यातले हे गाव वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८७९ साली इंग्रजांविरुद्ध बंड उभारणाऱ्या या माणसाचे घर एकदा डोळ्यांनी बघावे, असे फार दिवस मनात होते. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्या रस्त्याने शिंगरोबाला हात जोडून बोरघाट उतरलो, खोपोलीवरून पळस्पे फाट्याला आलो आणि गोव्याच्या रस्त्याला लागलो. फाट्यावर ट्रकांची ही रांग! अर्धा क्लच धरून गाड्या पुढे सरकवत कसेबसे शिरढोण गाठले.

घर बघून परत निघताना एकाची जुनी साडेतीनशे सीसीची गाडी चालू केली, तर डाव्या बाजूला खडखड खडखड. गाडीचे अंगही नेहमीपेक्षा जास्त हलत होते. मालकाचा चेहरा उतरला. "क्लच गेला. पनवेलहून टेम्पो आणा," एवढेच तो बोलला. आमच्यात आयटीआय झालेला एक पोरगा होता. तो म्हणाला, "काका, टेम्पोचं नंतर बघू. आधी क्लच दाबून धरा बघू."

गाडी न्यूट्रलमध्ये होती. क्लच दाबला, आवाज तसाच. सोडला, तरी तसाच. मग त्याने रेस किंचित वाढवली, आणि खडखड बंद! इंजिनाची संथ चाल, म्हणजे आयडलिंग, फार खाली आली होती. एवढ्या संथ चालीत एका सिलिंडरचा प्रत्येक ठोका सुटा सुटा पडतो आणि क्लचचे भांडे, प्रायमरी चेन जिथे जिथे ढिली असेल तिथे ती आपटते. थरथरीचे कारण तर हाताला लागले. इंजिनाचे हेड वरून चॅसीला धरून ठेवणारी एक पट्टी असते. तिचा नट दोन आटे मागे आला होता. नट आवळला, आयडलिंगचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि गाडी वरचा घाट चढून घरी आली. गावी डावीकडचे कव्हर काढले, तेव्हा प्रायमरी चेन सैल निघाली. ती ताणून घेतली. खर्च एक गॅस्केट आणि ऑइल.

त्या पोराने जे केले ते कोणालाही करता येण्यासारखे आहे. हादरा किंवा आवाज कशाच्या जोडीने बदलतो, इंजिनाच्या फेऱ्यांच्या, चाकाच्या, की क्लचच्या दांडीच्या, एवढेच शोधायचे.

गाडी मेन स्टँडवर उभी करून न्यूट्रलमध्ये रेस हळूहळू वाढवा. उभ्या गाडीला तोच हादरा आला तर दोष इंजिनात किंवा त्याच्या बांधणीत. आला नाही तर मोकळ्या सरळ रस्त्यावर न्या. ५० च्या वेगाला थरथरत असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गिअरमध्ये ५० ठेवून बघा. दोन्हीत तशीच थरथरली तर चाक, टायर, बेअरिंग किंवा चेन. गिअर बदलल्यावर थरथर वेगळ्या वेगाला गेली तर इंजिन. अजून खात्री हवी तर त्याच वेगात रेस सोडून क्लच दाबा आणि गाडी नुसती घरंगळू द्या. तरीही हलते? मग इंजिनाला हात लावू नका. मागच्या चाकाच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहा. आपल्या गाड्यांवर दुधाचे कॅन, खताचे पोते, कधी उसाची मोळीसुद्धा असते, त्यामुळे चाक तिरपे सरकणे नवलाचे नाही.

इंजिनाकडेच बोट गेले तरी पाना आधी, खोलाखोल नंतर. इंजिनाचे सगळे फाउंडेशन बोल्ट, सायलेन्सरचा क्लँप, फूटरेस्ट. मग प्लग, कारण ठोका चुकणारे इंजिनही गाडी हलवते. हे सगळे नीट असून ओझ्यावर चढ चढताना खालून ठण् ठण् असा जड आवाज येत असेल, तर मात्र बिगेंडची शंका घ्यावी आणि गाडी पुढे दामटू नये.

क्लचचा आवाज दांडीवरून ओळखता येतो. न्यूट्रलमध्ये दांडी सोडलेली असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर बहुधा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट मोकळा होऊन थांबू लागतो. उलट दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर दाब देणारा दांडा किंवा त्याचे छोटे बेअरिंग. दाबा, सोडा, आवाज तोच आणि रेस दिल्यावर कमी, तर शिरढोणसारखे प्रकरण : आयडलिंग, प्रायमरीची ढिलाई, किंवा क्लचच्या भांड्याच्या स्प्रिंगा आणि रिवेटा. गाडी उचलताना धक्के देत असेल तर भांड्याच्या बोटांवर प्लेटांनी खाचा पाडलेल्या असतात. आवाज नेमका कुठून येतो हे कळत नसेल तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक कव्हरला आणि मूठ कानाला लावा. कारखान्यातले फिटरही बेअरिंग असेच ऐकतात.

क्लच लवकर जाण्याला आपली सवयही कारण आहे. उसाच्या बैलगाडीमागून मैलभर अर्ध्या क्लचवर जाणे म्हणजे प्लेटा जाळणे. दांडीला थोडी मोकळी चाल हवीच, नाहीतर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि घसरतो. बहुतेक गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ट्रॅक्टरचे किंवा मोटारीचे उरलेले ऑइल "चालतंय की" म्हणून ओतू नये. मोटारीच्या काही ऑइलांत घसरण वाढवणारे मिश्रण असते. गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेच घ्यावे. मोटारसायकलच्या डब्यावर सहसा जासो एमए अशी खूण असते. मैसूरची जुनी येझदी अजून कोणाच्या गोठ्यात असेल, तर तिचा क्लच गिअरच्या पायदांडीनेही उचलला जातो हे ध्यानात ठेवून दोन्हीकडचे अॅडजस्टमेंट बघावे.

चेनचा ताण बघताना मात्र इंजिन बंदच ठेवा. स्टँडवर गिअर टाकून चाक फिरते ठेवायचे आणि बोटाने चेन चाचपायची, ही पद्धत गावोगाव दिसते. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये सापडलेले बोट परत मिळत नाही. चाक हाताने थोडे थोडे फिरवावे, चेन सगळ्यात ताठ होईल ती जागा शोधावी आणि ढील तिथेच मोजावा.