फाइल जागची हलत नाही

तीन जीबीचा लग्नाचा व्हिडिओ ‘डाउनलोड्स’मधून ओढून ‘घरचे’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. माउसचं बटण सोडताच काम झालेलं असतं. तोच व्हिडिओ पेन ड्राइव्हवर ओढा, की पट्टी सरकत बसते. हाताची हालचाल एकच. मग एवढा फरक का?

उत्तर लिनक्स या संगणकप्रणालीच्या पोटात आहे, आणि ते विलक्षण आहे. तिथे फोल्डर नावाची पेटी नसतेच. फोल्डर म्हणजे एक यादी: फाइलचं नाव आणि त्यापुढे एक क्रमांक. त्या क्रमांकाची नोंद, म्हणजे ‘आयनोड’, दुसरीकडे असते. फाइल किती मोठी, कोणाच्या मालकीची, कधी बदलली, तिचा मजकूर डिस्कवर कुठे कुठे पडला आहे, हे सारं त्या नोंदीत असतं. नसतं ते फक्त नाव. फाइलला स्वतःचं नाव माहीत नसतं! त्यामुळे एकाच फाइलला दोन फोल्डरांत दोन वेगळी नावं असू शकतात, आणि दोन्ही सारखीच खरी.

शेत विकलं तरी ते जागचं हलत नाही. तलाठ्याच्या दप्तरी फेरफार होतो. व्हिडिओचंही तेच झालं. एका यादीतली ओळ गेली, दुसऱ्या यादीत आली. पेन ड्राइव्हचं दप्तर मात्र सर्वस्वी वेगळं. तिथे मजकुराचा कण न् कण नव्याने लिहावा लागतो.

या सगळ्या याद्यांवर फोल्डरांचं चित्र चढवणं हे फाइल मॅनेजरचं काम. ते चित्र किती खरं भासवायचं, हा त्याच्या रचनाकारापुढचा खरा प्रश्न. ग्नोम या मुक्त डेस्कटॉपच्या ‘नॉटिलस’ची गोष्ट त्यासाठी पाहावी. तो घडवला कॅलिफोर्नियातल्या ईझल या कंपनीने. ॲपलच्या मूळ मॅकिंटॉशचे अँडी हर्ट्झफेल्ड आणि बड ट्रिबल तिथे होते. मॅकची पहिली चिन्हं काढणाऱ्या सुझन केअर यांनी याचीही चिन्हं काढली. लिनक्स सामान्य माणसाला वापरता यावं, हा त्यांचा ध्यास. मार्च २००१मध्ये नॉटिलसची १.० आवृत्ती आली आणि मे महिन्यात कंपनी बंद पडली. पण सोर्स कोड सगळ्यांचा होता. इतरांनी तो पुढे नेला, आणि ग्नोममध्ये तो आजही ‘फाइल्स’ या नावाने उघडतो.

२००४मध्ये ग्नोम २.६ आलं आणि नॉटिलसने धाडस केलं. प्रत्येक फोल्डरची एकच खिडकी, आणि ती दर वेळी पडद्यावर त्याच जागी, त्याच मापाने उघडणार. माणूस वस्तू जागेवरून लक्षात ठेवतो, या साध्या निरीक्षणावर ते सारं उभं होतं. कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण फोल्डरात फोल्डर असे आठ थर खाली जायचं, तर पडद्यावर आठ खिडक्या साचायच्या. २०१०च्या २.३० आवृत्तीत एकाच खिडकीत पुढे-मागे जाण्याची पद्धत मूळ पद्धत म्हणून परत आली.

चित्र आणि वस्तुस्थिती यांत फट पडते तिथे रचनाकाराची कसोटी लागते. पट्टी शेवटाला पोचली, तरी मजकूर पेन ड्राइव्हवर पोचलेला असतोच असं नाही. लिनक्स तो आधी मेमरीत घेतं आणि सवडीने लिहितं. म्हणून ड्राइव्ह काढण्याआधी ‘इजेक्ट’ करायचं. तेव्हा कुठे उरलेलं लिहून पूर्ण होतं.

कचरापेटी तर पाहतच राहावी अशी. टाकलेली फाइल एका फोल्डरात जाते आणि शेजारच्या फोल्डरात साध्या मजकुराची एक छोटी फाइल तयार होते. तिच्यात दोनच गोष्टी: मूळ पत्ता आणि टाकल्याची वेळ. ‘परत आणा’ म्हटलं की तेवढ्यावरून फाइल घरी येते. हा नियम वेगवेगळ्या प्रकल्पांनी मिळून स्वीकारलेला आहे. त्यामुळे नॉटिलसमध्ये टाकलेली फाइल केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमधूनही परत आणता येते. पेन ड्राइव्हवरची फाइल टाकली, तर कचरापेटी त्या ड्राइव्हवरच लपलेल्या फोल्डरात बनते, कारण ती फाइल संगणकात आणायची म्हणजे पुन्हा कण न् कण लिहिणं आलं. सगळं पुसूनही ड्राइव्ह भरलेला दिसतो, त्यामागे बरेचदा हेच असतं.

आणि फोल्डरातल्या नावांचा क्रम! युनिकोड या अक्षरसंकेताच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो आणि ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. नुसत्या तक्त्याप्रमाणे लावलं तर ‘क्षमापत्र’ क-च्या गर्दीत जाईल. म्हणून युनिकोडच्या सार्वजनिक नियमसंग्रहात मराठीसाठी स्वतंत्र नियम आहे: ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ. आकड्यांचंही असंच. ‘पावती 10’ ही ‘पावती 2’च्या नंतर यावी, म्हणून ग्नोमच्या जीलिब लायब्ररीत एक युक्ती आहे: संख्येत अंक जितके जास्त, तितक्या जास्त खुणा तुलनेपुरत्या तिच्यापुढे जोडायच्या, की मोठी संख्या आपोआप मागे जाते. पण ही युक्ती इंग्रजी अंकांपुरतीच लिहिलेली आहे. नावात देवनागरी अंक असतील, तर ‘पावती १०’ ही ‘पावती २’च्या आधी जाऊन बसते. तो कोड फार मोठा नाही, सी भाषेत आहे. तो कोणालाही उघडून वाचता येतो, आणि देवनागरी अंकांसाठी दुरुस्ती लिहून पाठवताही येते.