असं का होतं? : रममधला गोडवा येतो कुठून?

चैत्राच्या सुमारास डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मोहाची फुलं वेचून अंगणात वाळत घातलेली दिसतात. सुकलेलं फूल मनुकेसारखं चिकट आणि गोड. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. पण त्याची गाळलेली दारू गोड नसते. असं का?

फुलं भिजत घातली की यीस्ट साखर खाऊन मद्यार्क तयार करतं. उरलेली साखर ऊर्ध्वपातनात मागेच राहते. मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ वाफ्यात उरतं, तसंच. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो. साखरेची वाफ होतच नाही.

उसाच्या मळीपासून गाळलेली रमही अशीच निघते, साखरेविना. मग ती ओकच्या पिंपात मुरते. आतून भाजलेल्या लाकडातलं लिग्निन विघटित होऊन व्हॅनिलिन तयार होतं, तेच व्हॅनिलातलं मुख्य सुगंधी द्रव्य. व्हिस्कीही पिंपातच मुरते, म्हणून व्हिस्की पिणाऱ्याला हा वास ओळखीचा वाटतो. मिठाईशी जोडलेला वास आला की मेंदू चवही गोड ठरवतो.

मात्र काही रममध्ये नंतर खरोखरच साखर घालतात. युरोपीय संघाच्या २०१९च्या नियमानुसार लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत मुभा आहे; व्हिस्कीला अजिबात नाही.

फरक कसा ओळखावा? नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा नाहीसा झाला तर तो पिंपाचा. जिभेवर टिकला तर साखरेचा.