विश्लेषण : आईच्या चॅनेलवर लेकीचं बालपण! कमाई कुणाची आणि परवानगी कुणाची?

कामरगाव (ता. कारंजा, जि. वाशीम) : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पश्चिम विदर्भात भुलाबाईची गाणी रंगतात. परकर-पोलक्यातल्या मुली टाळ्या वाजवतात, डबा हलवून खिरापत ओळखायला लावतात. पूर्वी हे कौतुक अंगणापुरतं होतं. आता माय मोबाईल काढते, रील करते आणि ते गावाबाहेर कुठवर जाईल याचा नेम नसतो.

समजा, कामरगावातल्या सात वर्षांच्या मुलीचं असं एक रील लाखोंनी पाहिलं. मग साबणाची जाहिरात आली, कपड्यांच्या दुकानाची आली, पैसे सुरू झाले. हे पैसे कायद्याने कुणाचे? उत्तर सरळ नाही, कारण कॅमेरा कुणाच्या हातात आहे यावर ते बदलतं.

कंपनीने शूटिंग केलं तर?

मुंबईहून एखादी निर्मिती संस्था याच मुलीला घेऊन कामरगावात जाहिरात करायला आली, तर तिला आधी वाशीमच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागेल. बालकामगार कायद्याच्या नियमांमध्ये २०१७ साली ही तरतूद आली. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत जमा झाले पाहिजेत. ते पैसे सज्ञान झाल्यावर मिळतात. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घेता येत नाही, हेही नियमातच आहे.

आणि आईने केलं तर?

इथे गाडी अडते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला आणि त्यात सोशल मीडियाचाही समावेश केला. मात्र आई-वडिलांनी मुलांना घेऊन केलेला मजकूर ‘कौटुंबिक व्यवसायातील मदत’ समजावा, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे किराणा दुकानात पुड्या बांधणारी लेक आणि ब्रँडसाठी नाचणारी लेक एकाच रांगेत. घरच्या मदतीलाही मर्यादा आहेत. शाळेच्या वेळेत नाही, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ नाही. पण स्वयंपाकघरात चाललेलं शूटिंग मोजणार कोण? २० टक्क्यांची अट तर इथे येतच नाही.

मराठी प्रेक्षकांना हा फरक लगेच कळेल. झी मराठीच्या ‘माझी तुझी रेशीमगाठ’ (२०२१) मालिकेतली परी, म्हणजे मायरा वायकुळ, मालिकेआधीच सोशल मीडियावरच्या व्हिडिओंमुळे घराघरांत माहीत होती. तिच्यासारख्या कोणत्याही बालकलाकाराचे सेटवरचे तास नियमात मोजले जातात. घरच्या व्हिडिओंना तसं मोजमाप नाही.

कादंबरीत काय घडतं?

फ्रेंच लेखिका डेल्फिन द विगन यांची २०२१ मधली रहस्यमय कादंबरी, इंग्रजीत ‘किड्स रन द शो’, याच दुखण्यावर बोट ठेवते. मेलनी ही आई मुलांच्या व्हिडिओंवर यूट्यूबची स्टार झालेली. एके दिवशी लपाछपी खेळताना सहा वर्षांची किमी गायब होते. पोलीस अधिकारी क्लारा तपासासाठी ते व्हिडिओ एकामागून एक पाहू लागते आणि त्यात किमी कॅमेऱ्याला कंटाळल्याच्या खुणा दिसत जातात. लाखो लोकांनी पाहिलेल्या मुलीकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मेलनी दुष्ट नाही, ती लेकीवर प्रेमच करते. रहस्यापेक्षा हीच गोष्ट वाचकाला जास्त टोचते.

वास्तव त्याहून कठोर निघालं. अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘एट पॅसेंजर्स’ हे कौटुंबिक यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्या रूबी फ्रँकी हिला ऑगस्ट २०२३ मध्ये अटक झाली. पोटच्या मुलांच्या छळाचा गुन्हा तिने कबूल केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला तुरुंगवास झाला. छळ कॅमेऱ्यामुळे झाला असं म्हणणं घाईचं ठरेल. पण थोरली मुलगी शेरी हिने २०२४ मध्ये राज्याच्या लोकप्रतिनिधींसमोर कौटुंबिक व्लॉगिंगविरोधात साक्ष दिली आणि मार्च २०२५ मध्ये युटाने कायदा केला. मुलांसाठी कमाईतला वाटा राखून ठेवायचा आणि मोठेपणी त्यांना स्वतःचे व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी करता यायची. फ्रान्सने असा कायदा २०२० मध्येच केला होता, तर इलिनॉयमध्ये तो जुलै २०२४ पासून लागू आहे.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. रील टाकणारी आईच असेल, तर संमती देणारीही तीच!

पाहणारे कोण, हा प्रश्न वेगळाच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये आयांनी चालवलेली मुलींची सुमारे पाच हजार इन्स्टाग्राम खाती तपासली. अनेक खात्यांच्या फॉलोअर्समध्ये मुलींकडे वाईट नजरेने पाहणारे पुरुष आढळले. इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालील मुलाचं खातं पालक चालवत असतील, तर तसं बायोमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. कमेंट बंद करणं, शाळेचा गणवेश किंवा घराचा पत्ता न दाखवणं हे आईच्या हातात आहे. त्रास झालाच तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

आणि पैसे? २० टक्क्यांची सक्ती नसली तरी मनाईही नाही. पोस्टात किंवा बँकेत मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. त्यात वर्षाला कमाल दीड लाख रुपये भरता येतात. मात्र ते मुलगी १० वर्षांची होण्याआधीच उघडावं लागतं.