कादंबरीकाराच्या पाठीशी कादंबरीकार (लेखांक 6) : ग्रॅहम ग्रीन आणि आर. के. नारायण

आर. के. नारायण यांच्या पहिल्या कादंबरीचे टंकलिखित ऑक्सफर्डमध्ये ग्रॅहम ग्रीन यांच्या टेबलावर कित्येक आठवडे नुसते पडून होते. ते आणून दिले होते पूर्णा नावाच्या एका भारतीय मित्राने. बाड बरेच फिरून आलेले, प्रवासाने शिणलेले दिसत होते. अशी बाडे लेखकांकडे येतच असतात आणि बहुतेक वेळा ती कुठल्या तरी गठ्ठ्याखाली जातात. एके दिवशी पाऊस लागला आणि ग्रीन यांनी ते उघडले. पुढे त्यांनीच ही हकिकत लिहून ठेवली आहे. त्या दिवशी ऑक्सफर्डला ऊन पडले असते तर मालगुडी हे गाव वाचकांपर्यंत पोहोचले असते की नाही, सांगता येत नाही.

नारायण तेव्हा तिशीच्या आत होते. जन्म 1906 चा, मद्रासचा. वडील मुख्याध्यापक असल्याने घर मैसूरला आले. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत हे गृहस्थ इंग्रजीतच नापास झाले होते. पुढे बी.ए. झाले, शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथे कवायतीच्या मास्तरांच्या जागी उभे राहायला सांगितले तेव्हा ती सोडून घरी परतले आणि कादंबरीकार व्हायचे ठरवून बसले. 1930 साली बंगळूरला आजीने चांगला दिवस पाहून दिला आणि विद्यारंभाच्या मुहूर्तावर नव्या वहीत त्यांनी पहिले वाक्य लिहिले. नकाशात कुठेही नसलेले मालगुडी आणि त्याचे छोटे रेल्वे स्टेशन त्याच बैठकीत त्यांना दिसले. लग्नानंतर घरखर्चाला हातभार म्हणून ते मद्रासच्या ‘जस्टिस’ या पत्रासाठी बातमीदारी करत. कादंबरी लिहून झाली होती, पण तिला प्रकाशक नव्हता.

इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कादंबरीकाराला त्या काळी लंडनखेरीज दुसरी पेठ नव्हती. बाड टपालाने बोटीवरून जायचे आणि काही महिन्यांनी साभार परत यायचे. निम्मा डझन प्रकाशकांनी नकार दिल्यावर ऑक्सफर्डला शिकत असलेल्या पूर्णांना नारायण यांनी कळवले की आता ते परत मैसूरला पाठवू नकोस, त्याला दगड बांध आणि थेम्समध्ये बुडव. मराठी वाचकाला इंद्रायणी आठवावी असाच हा प्रसंग. तिथे गाथा बुडवायला लावणारे विरोधक होते, इथे खुद्द लेखकच ते सांगत होता. पूर्णांनी मित्राचे ऐकले नाही. लेखनव्यवहाराच्या इतिहासात अशा आज्ञाभंगाची नोंद क्वचितच होते, पण या साखळीतली पहिली कडी तीच आहे.

ग्रीनही तेव्हा मोठे नाव नव्हते. वय नारायण यांच्याहून दोन वर्षांनीच जास्त. 1929 मध्ये पहिली कादंबरी ‘द मॅन विदिन’ चालली म्हणून त्यांनी ‘टाइम्स’ मधली नोकरी सोडली आणि त्यानंतरच्या दोन्ही कादंबऱ्या सपशेल पडल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी त्या दोन्ही पुन्हा छापू दिल्या नाहीत. 1932 च्या ‘स्टॅम्बूल ट्रेन’ने त्यांना कसेबसे सावरले. ‘ब्रायटन रॉक’ आणि ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ अजून लिहायच्या होत्या. म्हणजे मदत करणारा माणूस शिखरावर बसलेला नव्हता, नुकताच पडून उठला होता. अशा मदतीच्या हकिकती गोळा केल्या की एक गोष्ट वारंवार दिसते: होतकरू लेखकाचे बाड मन लावून वाचणारा सहसा असाच लेखक असतो. पार वर पोहोचलेल्याला वेळ नसतो, आणि ज्याचे अजून काहीच छापलेले नाही त्याच्या शब्दाला वजन नसते.

ग्रीन यांनी कादंबरी हॅमिश हॅमिल्टन यांच्याकडे नेली. त्यांची प्रकाशनसंस्था 1931 मध्ये निघालेली, म्हणजे अगदीच तरुण. टपालाने आपसूक आलेले बाड प्रकाशकाकडे पगारी वाचकांपुढे रांगेत पडते. तेच एखाद्या छापल्या जाणाऱ्या कादंबरीकाराने हातात ठेवले की त्याची रांग चुकते. मजकूर तोच राहतो, फक्त ‘हे वाचायलाच हवे’ असे म्हणण्याची जोखीम कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेली असते. मैसूरला तार गेली ती कादंबरी स्वीकारली गेल्याची आणि हे ग्रीन यांच्यामुळे झाल्याची. ग्रीन कोण, हे नारायण यांना तेव्हा धड माहीतही नव्हते.

यानंतरचे काम अधिक किचकट होते. कादंबरीचे मूळ नाव होते ‘स्वामी, द टेट’. मॉरिस टेट हा त्या काळचा इंग्लंडचा गाजलेला गोलंदाज. स्वामीच्या मित्रांनी त्याच्या गोलंदाजीवरून त्याला दिलेले हे बिरुद. क्रिकेट न पाहणाऱ्या वाचकाला त्यातून काही कळले नसते आणि दहा वर्षांनी क्रिकेट पाहणाऱ्यालाही कळले नसते. ग्रीन यांनी ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ हे नाव सुचवले. किपलिंगचे ‘स्टॉकी अँड कंपनी’ हे शाळकरी मुलांचे पुस्तक इंग्रज वाचकांच्या तोंडी होते, त्याच्या ओळखीचा फायदा या पुस्तकाला मिळावा हा हिशेब. लेखकाच्या नावालाही कात्री लागली. रासिपुरम कृष्णस्वामी अय्यर नारायणस्वामी या भल्यामोठ्या नावातून ‘आर. के. नारायण’ उरले, कारण पुस्तकाच्या दुकानात मागणाऱ्याला नाव उच्चारता आले पाहिजे. आज या दोन्ही सूचना वसाहतकाळातल्या इंग्रज बाजारासाठी केलेली छाटणी वाटतात आणि तो आक्षेप अगदीच गैरलागू नाही. तरी पुस्तकाच्या आत काय शाबूत राहिले तेही पाहावे लागते. मालगुडी राहिले, आजी राहिली, शाळेतले बायबलचे मास्तर आणि त्यांचे हिंदू देवांवरचे ताशेरे राहिले, सत्याग्रहाच्या दिवसांत शाळेच्या काचा फोडणारी मुले राहिली. इंग्रज वाचकाला सोपे जावे म्हणून गाव इंग्लंडच्या जवळ सरकवले गेले नाही. छाटणी झाली ती मुखपृष्ठावर.

भाषेच्या किरकोळ दुरुस्त्या ग्रीन स्वतः करत. मैसूरला मुद्रिते पाठवून परत मागवायची तर महिने जात, त्यामुळे एखादे शब्दयोगी अव्यय चुकले, एखादा वाक्प्रयोग इंग्रजी कानाला खटकला, तर तो तिथल्या तिथे नीट करायला विश्वासाचा माणूस लागे. नारायण यांची वाक्ये आखूड, साधी, अलंकारांपासून दूर. अशा गद्यावर हात फिरवणे कठीण असते, कारण दुरुस्त करणाऱ्याचा शब्द लगेच वेगळा दिसतो. ग्रीन यांचा हात दिसत नाही. मुद्रितशोधकाला याहून मोठी पावती नाही.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ऑक्टोबर 1935 मध्ये आले. अभिप्राय बरे आले, पण पुस्तक खपले नाही. दुसरी कादंबरी तयार झाली तेव्हा हॅमिल्टन यांनी ती नाकारली. बहुतेक मैत्रीपूर्ण शिफारशी इथेच संपतात: एकदा शब्द टाकला, पुस्तक निघाले, पडले, आता तुमचे तुम्ही बघा. ग्रीन यांनी नवा प्रकाशक शोधला. ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ 1937 मध्ये नेल्सनने काढले, त्याला ग्रीन यांची प्रस्तावना होती आणि तीत चेखॉव्हचे नाव होते. 1938 मध्ये ‘द डार्क रूम’ मॅकमिलनकडून आले. चार वर्षांत तीन पुस्तके, तीन प्रकाशक आणि विक्री तिन्ही वेळा बेताची. मधल्या काळात नारायण यांचे वडील वारले आणि घराची जबाबदारी वाढली. डेव्हिड हायम हे लंडनचे लेखक-प्रतिनिधी नारायण यांचे काम पाहू लागले, तेही याच ओळखीतून. करार, हक्क आणि हिशेब यांना जाणता माणूस मिळाला, हा या मैत्रीचा कमी चर्चिला गेलेला आणि कदाचित सर्वांत टिकाऊ फायदा.

त्याच 1935 साली लंडनमध्ये दुसऱ्या एका भारतीय कादंबरीला दुसऱ्या इंग्रज कादंबरीकाराचा आधार मिळाला. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ एकोणीस प्रकाशकांनी परत केली होती. मैला वाहणाऱ्या बखाचा एक दिवस सांगणारे हे पुस्तक घाणेरडे ठरवले जाईल ही प्रकाशकांची धास्ती. विशार्टने ते काढले ते ई. एम. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेच्या भरवशावर. ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या लेखकाने पुस्तक स्वच्छ आहे असे म्हटल्यावर त्याला घाणेरडे म्हणणे अवघड झाले. फॉर्स्टर यांची मदत ढालीसारखी होती. एका पुस्तकासमोर, एका मोक्याच्या वेळी, ती उभी राहिली आणि तेवढे तिने चोख केले. ग्रीन यांची मदत संसाराच्या मदतीसारखी होती. तीत नाट्य कमी आणि खेपा जास्त.

1939 मध्ये नारायण यांच्या पत्नी राजम विषमज्वराने गेल्या. मागे लहान मुलगी राहिली. नारायण यांचे लेखन बराच काळ थांबले. पाठोपाठ महायुद्ध आले, लंडनची वाट बंद झाली, तेव्हा मैसूरलाच ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ ही स्वतःची संस्था काढून ते कथा छापू लागले. ग्रीन युद्धकाळात ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होते, काही काळ सिएरा लिओनमध्ये. 1944 मध्ये ते ‘आयर अँड स्पॉटिसवूड’ या प्रकाशनसंस्थेत संचालक म्हणून रुजू झाले आणि 1945 मध्ये त्याच संस्थेने ‘द इंग्लिश टीचर’ काढले. पत्नीच्या मृत्यूतून आलेली ही कादंबरी. पूर्वार्धात छोटे सुखी घर, उत्तरार्धात मृत पत्नीशी संवाद साधण्याचे प्रयोग. हा उत्तरार्ध तेव्हाही अनेकांना पटला नव्हता, आजही पटत नाही. ज्यांना तो कच्चा वाटतो त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की कथेची गरज आणि लेखकाची गरज यांत इथे ओढाताण आहे, आणि प्रकाशकाच्या खुर्चीत बसलेल्या कादंबरीकाराने पुस्तक जसे होते तसे येऊ दिले. यानंतरचा कथासंग्रह आणि ‘मिस्टर संपत’ही त्याच संस्थेकडून आले.

या व्यवहारात ग्रीन यांना काय मिळाले, हा प्रश्न रास्त आहे. भारतीय असणे म्हणजे काय हे नारायण नसते तर आपल्याला कधीच कळले नसते, असे त्यांनी स्वतः म्हटले आहे. पण एवढेच नसावे. ग्रीन यांच्या कादंबऱ्यांत पाप, पाठलाग आणि विश्वासघात यांचे सावट असते. मालगुडीत माणसे फसवतात, कर्ज बुडवतात, संन्यासाचे सोंग घेतात, तरी तिथली हवा प्रसन्न राहते. स्वतःला न जमणारी गोष्ट दुसऱ्याच्या लेखनात सहज जमलेली पाहण्याचा आनंद कादंबरीकारालाच कळतो आणि त्यात हेवा नसेल तर तो टिकतो. अर्धशतकाहून अधिक काळ चाललेले हे नाते जवळजवळ संपूर्णपणे टपालावर उभे होते. प्रत्यक्ष भेट झाली ती पहिल्या पुस्तकानंतर सुमारे वीस वर्षांनी, लंडनमध्ये.

त्या भेटीत एक कादंबरी घाटत होती. रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर नारायण 1956 मध्ये अमेरिकेला गेले आणि बर्कलीच्या एका हॉटेलात त्यांनी ‘द गाइड’ लिहून काढली. तुरुंगातून सुटलेला राजू हा वाटाड्या, लोक त्याला साधू समजतात आणि दुष्काळात पावसासाठी उपोषणाला बसवतात. शेवटी तो मरावा की जगावा, यावर नारायण यांचे मन ठरत नव्हते. गोष्ट ऐकून ग्रीन यांनी निकाल दिला की तो मेलाच पाहिजे. प्रवासाच्या डायरीत नारायण यांनी याची गमतीदार नोंद केली आहे: जन्माला येऊन मोठे होण्याआधीच मृत्युदंड झालेल्या माणसाचे आयुष्य आता आपल्याला लिहायचे आहे. लिहिताना त्यांनी सल्ला अर्धाच मानला. कादंबरीच्या शेवटच्या परिच्छेदात राजू गुडघाभर पाण्यात उभा आहे, डोंगरात पाऊस आल्याचे म्हणतो आणि खाली झुकतो. तो मेला का, पाऊस खरेच आला का, हे लेखकाने सांगितलेले नाही. वीस वर्षांच्या ऋणानंतरही शेवटचे वाक्य कोणाचे, याबद्दल दोघांत गोंधळ नव्हता असे यावरून दिसते.

‘द गाइड’ 1958 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. इंग्रजी कादंबरीला मिळालेला तो पहिलाच. 1965 मध्ये विजय आनंद यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट काढला. मालगुडीची जागा राजस्थानने घेतली, त्यावर वैतागून नारायण यांनी पुढे एक खुसखुशीत लेखही लिहिला. चित्रपटात धो धो पाऊस पडतो आणि देव आनंद यांचा राजू निःसंदिग्धपणे मरतो.