दोन दिवस फक्त दोघांचे

‘गॅसचा नंबर लावला का?’ ‘मुलांची फी भरली का?’ लग्नाला दहा-बारा वर्षे झाली की, अनेक पती-पत्नींचे बोलणे एवढ्यावर येऊन थांबते. भांडण नसते, पण संवादही नसतो. मग वाटते, एखाद्या बेटावर जाऊन राहावे. फोन नको, पाहुणे नकोत. पण असे बेट समुद्रातच असायला हवे का? भर शहरातही ते सापडू शकते. चंदीगडचा सुखना तलाव पाहा.

शांततेसाठी बांधलेला तलाव

शिवालिकच्या डोंगरातून येणाऱ्या पावसाळी ओढ्यावर बांध घालून १९५८मध्ये हा तलाव तयार करण्यात आला. शहराचे रचनाकार ल कार्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ही कल्पना. बांधावर वाहने येऊ नयेत, असा कार्बुझिएचा आग्रह होता. नागरिकांनी शहराच्या धकाधकीतून सुटून येथे शांतपणे निसर्गाचा आनंद घ्यावा, हाच यामागचा हेतू होता. म्हणूनच आजही बांधावरच्या लांबलचक रस्त्यावरून हातात हात घालून निवांत चालता येते. मागून हॉर्न वाजत नाही.

शरद ऋतूच का?

आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हाने जीव नकोसा होतो, तेव्हा चंदीगडची सकाळ-संध्याकाळ सुखद होऊ लागते. हवा स्वच्छ असेल तर पाण्यापलीकडे डोंगररांगा दिसतात. हिवाळा जवळ आला की दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. कोजागिरीच्या सुमारास गेलात, तर पाण्यावरचे चांदणे पाहायला विसरू नका.

कार्यक्रम कसा आखाल?

दिल्लीहून शताब्दीने साडेतीन तासांत चंदीगड गाठता येते. मुंबई-पुण्याहून विमानाने जाता येते. पहिल्या दिवशी सकाळी तलावाकाठी फिरा, पायडलची होडी घ्या. दोघांनी एका लयीत पाय मारले तरच ती नीट पुढे जाते! दुपारी जवळच नेकचंद यांचे रॉक गार्डन पाहा. फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे अशा टाकाऊ वस्तूंतून त्यांनी हे जग उभे केले. १९७६मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. दुसरा दिवस मात्र मोकळाच ठेवा. उशिरा उठा, गरम पराठे आणि लस्सी घ्या, पुन्हा तलावावर या. सिमला, कसौली एकाच फेरीत उरकण्याचा मोह टाळा. नाहीतर विश्रांतीऐवजी दमणूकच पदरी पडेल.

हे लक्षात ठेवा

मुलांना आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे ठेवताना अपराधी वाटून घेऊ नका. घरी फोन करण्याची एक वेळ ठरवा. संध्याकाळसाठी शाल जवळ असू द्या. आणि या दोन दिवसांत सासर-माहेरच्या तक्रारी, कर्जाचे हप्ते हे विषय नकोत.

सुखना तलावाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डोंगरातून वाहून येणाऱ्या गाळाने तो उथळ होत गेला. तेव्हा शहरातल्या लोकांनी श्रमदान करून गाळ उपसला, पाणलोट क्षेत्रात झाडेही लावण्यात आली. संसारातही रोजच्या कटकटींचा गाळ नकळत साचतो. तो वेळीच उपसला, तर खालचे पाणी अजून तेवढेच नितळ असल्याचे दिसेल. त्यासाठी वर्षातले दोन दिवस काही फार नाहीत.