बाटलीवरचे हिरवे पान

परदेशातून सुटीवर येणारी मुले आईवडिलांसाठी जे काही आणतात, त्यांत अलीकडे लाल वाइनची एखादी बाटली असू लागली आहे. बाटलीच्या मागच्या बाजूला हिरव्या चौकटीत पांढऱ्या चांदण्यांनी रेखलेले एक पान असते आणि सोबत मुलाचा दिलासा असतो, "बाबा, ही ऑरगॅनिक आहे, हृदयाला चांगली. रोज थोडी घेत जा." मग रक्तदाब मोजून घेता घेता बाबा हळूच मला विचारतात, "डॉक्टर, सेंद्रिय आहे म्हणे; मग चालेल ना?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर ते पान बाटलीवर कसे येते हे आधी पाहावे लागते.

इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या दरम्यान किआंती नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील वाइनच्या प्रदेशाची हद्द १७१६ साली तिसऱ्या कोसिमो या टस्कनीच्या अधिपतीने ठरवून दिली, इतकी ही परंपरा जुनी. ग्रेव्हे या तालुकावजा गावाच्या हद्दीत पांझानो नावाचे एक खेडे टेकडीवर वसले आहे आणि त्याच्या परिसरातील बहुतांश द्राक्षबागा आज सेंद्रिय पद्धतीने केल्या जातात. सेंद्रिय शेतीला डोंगरउताराचे मोठे साहाय्य असते. खडकाळ जमिनीत पाणी साचत नाही, वाऱ्याने पाने लवकर सुकतात आणि ओल टिकली नाही की बुरशीला बळ मिळत नाही.

तरीही बुरशी येतेच. भुरी आणि केवडा ही नावे नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना मी समजावून सांगायला नकोत. किआंतीतील बागाईतदाराचेही हेच दोन वैरी. भुरीवर तो गंधक वापरतो आणि केवड्यावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण. म्हणजे सेंद्रिय बागेतही फवारणी होते, हे प्रथम ध्यानी घ्यावे. तांबे हा धातू मातीत साठत जातो, म्हणून युरोपात त्यावर मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा अधिक नाही. तणनाशके आणि कृत्रिम कीटकनाशके मात्र वर्ज्य. ओळींमधून द्विदल पिके पेरून तीच हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडतात. घडांतील अळी आवरण्यासाठी कामगंध पसरवून नर पतंगाची दिशाभूल करतात. अशी तीन वर्षे काढल्यावर बागेला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळते. लहान बागाईतदारासाठी ही तीन वर्षे कठीण असतात, कारण खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव मात्र साध्या मालाचा. या माणसांविषयी मला आदर आहे आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने तो उणावत नाही.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात सांजोवेझे जातीचे काळे घड उतारांवरून हातांनी खुडतात. देठ काढून मणी हलके फोडले की निघणारा रस जवळजवळ बिनरंगी असतो. लाल रंग आणि तुरटपणा साली देतात. म्हणून रस सालींसह दोनतीन आठवडे आंबवतात. साली फुगून वर जाड थर धरतात आणि तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. या काळात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल, असा त्याचा हिशेब. पुढे ही वाइन ओक लाकडाच्या पिंपांत मुरते. 'किआंती क्लासिको' हे नाव लावायचे तर किमान बारा महिने थांबावे लागते.

वाइन टिकावी म्हणून गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सेंद्रिय वाइनमध्येही घालता येतो. २०१२ पासून युरोपीय नियमांनी सेंद्रिय लाल वाइनसाठी लिटरला १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. साध्या लाल वाइनसाठी ती १५० आहे. दम्याच्या रुग्णांना हा वायू त्रास देऊ शकतो आणि थोडासा तर यीस्ट स्वतःच निर्माण करते. तेव्हा 'सेंद्रिय आहे, म्हणजे सल्फाइट नाही' असे दमेकऱ्याने समजू नये.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. ते हिरवे पान मातीविषयी, मजुरांच्या आरोग्याविषयी आणि फवारणीच्या अवशेषांविषयी खरी ग्वाही देते. अल्कोहोलविषयी ते काहीही सांगत नाही. साखर सेंद्रिय घडातली की साध्या, हे यीस्टला कळत नाही. चौदा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक पेला म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. वयोमानाने शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तोच पेला चाळिशीपेक्षा सत्तरीत रक्तात अधिक चढतो.

"पण हृदयाला चांगली ना?" हा आग्रह मुख्यतः सालींतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्यावर उभा आहे. त्याची परीक्षा याच डोंगरांत झाली. ग्रेव्हे आणि शेजारच्या बान्यो आ रिपोली येथील वृद्धांचा एक दीर्घ अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. त्यांपैकी पासष्टीपुढच्या ७८३ जणांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश मोजले गेले आणि नऊ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. या काळात २६८ जण वारले. ज्यांच्या शरीरात हे द्रव्य अधिक होते आणि ज्यांच्यात कमी, त्यांच्यात मृत्यू, हृदयविकार वा कर्करोग यांबाबत फरक आढळला नाही. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. किआंतीच्या वृद्धांना जे मिळाले नाही, ते पुण्या-ठाण्यातल्या वृद्धांना मिळेल असे मला वाटत नाही. अल्कोहोलची निर्धोक म्हणावी अशी मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलेच आहे.

मला खरी धास्ती वाटते ती औषधांच्या पिशवीची. वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त पातळ राहण्याचे गणित वाइनने बिघडते. इन्सुलिन वा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर रात्रीतून साखर घसरू शकते, आणि घरचे समजतात की बाबा गाढ झोपले आहेत. मेट्रोनिडाझोल चालू असताना उलट्या, धडधड होऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेची अल्प्राझोलाम आणि वर एक पेला, अशा स्थितीत पहाटे लघवीला उठलेला माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कोसळतो. खुब्याचे हाड मोडले की पुढे काय होते, हे शुश्रूषा केलेल्यांना ठाऊक आहे. झोप लागावी म्हणून आईला चमचाभर देणाऱ्या लेकींनाही सांगतो, अल्कोहोलने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

आपण आजवर घेत नसाल, तर आरोग्यासाठी सुरुवात करू नका. घेत असाल, तर प्रमाण न लपवता डॉक्टरांना सांगा. औषधे त्यानुसार ठरवता येतात. रोजची सवय जुनी व मोठी असेल, तर ती एका दिवसात तोडण्याचे धाडस मात्र घरच्या घरी करू नका.

ज्या बाबांचा प्रश्न वर सांगितला, त्यांच्या पिशवीत वॉरफरिन होते. मी नको म्हटले. ते थोडे हिरमुसले. मुलाने एवढ्या लांबून हौसेने आणलेली वस्तू. "त्याला काय सांगू?" म्हणाले. मी म्हटले, त्याच उतारांवर द्राक्षांच्या शेजारी ऑलिव्हची झाडे असतात. पुढच्या खेपेला तेच हिरवे पान असलेली तेलाची बाटली आणायला सांगा, कोशिंबिरीवर घालायला.