रस्त्यावरील रात्र आणि रस्त्याची मालकी : लास व्हेगासमधील फ्रीमाँट स्ट्रीट

प्रस्तावना :

लास व्हेगास या शहराचे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर येते ती 'स्ट्रिप' नावाने प्रसिद्ध असलेली भव्य हॉटेलांची रांग. वस्तुतः या रांगेचा बहुतांश भाग लास व्हेगास नगराच्या हद्दीतच नाही. तो क्लार्क काउंटीच्या अखत्यारीतील 'पॅराडाइज' या वसाहतीत मोडतो. नगराचे मूळ केंद्र म्हणजे स्ट्रिपच्या उत्तरेस काही किलोमीटर अंतरावर असलेला फ्रीमाँट स्ट्रीट हा जुना रस्ता होय. आज येथे रात्र घालविण्यासाठी येणारा पर्यटक विशाल छताखालून चालतो, फुकट संगीत ऐकतो, जुगार खेळतो व पहाटे परततो. ही रात्र केवळ मौजेची बाब नाही. सार्वजनिक रस्ता मनोरंजनाचे स्थळ बनला की त्यावर अधिकार कोणाचा, हा नागरशास्त्र, अर्थशास्त्र व विधी या तिन्ही शाखांशी संबंधित प्रश्न तिच्यातून उभा राहतो. प्रस्तुत लेखात या रस्त्याचा इतिहास, तेथील रात्रीची रचना व जुगाराचे गणित यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

'लास व्हेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'कुरणे' असा आहे. वाळवंटातील झऱ्यांमुळे येथे हिरवळ होती. १८४४ साली जॉन फ्रीमाँट या संशोधकाने या झऱ्यांजवळ मुक्काम केला होता. पुढे त्याचेच नाव रस्त्याला मिळाले. मात्र नगराचा जन्म झाला तो रेल्वेमुळे. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने स्थानकासमोरील जमिनीच्या भूखंडांचा लिलाव सुरू केला आणि स्थानकाच्या दारातून निघणारा फ्रीमाँट स्ट्रीट ही नव्या गावाची मुख्य पेठ ठरली. १९०६ साली या रस्त्याच्या तोंडाशी 'हॉटेल नेवाडा' उभे राहिले. तेच आज 'गोल्डन गेट' या नावाने चालू आहे.

नेवाडा राज्यात १९०९ च्या कायद्याने जुगारावर बंदी आली होती. आर्थिक मंदीच्या काळात, १९ मार्च १९३१ रोजी, ती उठविण्यात आली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रीमाँट स्ट्रीटवरील 'नॉर्दर्न क्लब' या संस्थेसाठी मेमी स्टॉकर या महिलेला पहिला परवाना मिळाला. त्याच वर्षी जवळच हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. धरणावरील मजुरांच्या हातात रोख वेतन होते, ते खर्च करण्यासाठी मात्र जवळपास फारशी ठिकाणे नव्हती. रेल्वे, धरण व कायदा या तीन कारणांनी हा रस्ता जुगाराची पेठ बनला. १९४१ साली 'एल कोर्टेझ', १९४६ साली 'गोल्डन नगेट', १९५१ साली 'बिनियन्स हॉर्सशू' व १९५६ साली 'फ्रीमाँट हॉटेल' सुरू झाले. निऑन दिव्यांच्या दाटीमुळे या भागाला 'ग्लिटर गल्च', म्हणजे चकाकणारी घळ, असे टोपणनाव पडले. १९५१ साली 'पायोनिअर क्लब'वर उभारलेली 'व्हेगास व्हिक' या गुराख्याची निऑन आकृती या काळाचे प्रतीक मानली जाते.

या झगमगाटाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. गौरेतर नागरिकांना या कॅसिनोंमध्ये ग्राहक म्हणून प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय कलावंत रंगमंचावर गात, परंतु मुक्कामास त्यांना रेल्वेरुळांच्या पलीकडील वेस्टसाइड वस्तीत जावे लागे. मे १९५५ मध्ये सर्व वर्णांसाठी खुले असलेले 'मूलाँ रूज' सुरू झाले, पण काही महिन्यांतच बंद पडले. मार्च १९६० मध्ये निषेध मोर्चाचा इशारा दिला गेल्यानंतर याच वास्तूत तडजोड झाली व कॅसिनोंमधील वर्णभेद औपचारिकरीत्या संपुष्टात आला. रात्र सर्वांची असते हे विधान या रस्त्याच्या बाबतीत फार उशिरा खरे ठरले.

ऱ्हास आणि छत :

१९४१ साली नगराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर, 'एल रँचो व्हेगास' हे हॉटेल उघडले. जमीन मुबलक होती, गाड्या उभ्या करण्यास जागा होती व नगराचे कर नव्हते. पुढे हाच स्ट्रिपचा पाया ठरला. नगराने हा भाग आपल्यात सामावून घेण्याचा प्रयत्न करू नये यासाठी १९५० साली 'पॅराडाइज' ही स्वतंत्र वसाहत घोषित करून घेण्यात आली. परिणामी शहराच्या नावाने येणारा पर्यटक प्रत्यक्षात शहराच्या तिजोरीबाहेर खर्च करू लागला. १९८९ साली स्ट्रिपवर 'मिराज' हे अतिभव्य हॉटेल सुरू झाले आणि जुन्या पेठेची गर्दी झपाट्याने ओसरू लागली.

यावर उपाय म्हणून नगरप्रशासन व कॅसिनोचालक यांच्या भागीदारीत 'फ्रीमाँट स्ट्रीट एक्स्पीरियन्स' हा प्रकल्प आखण्यात आला. १९९४ साली रस्त्याचा पश्चिमेकडील भाग वाहनांसाठी बंद झाला. वास्तुरचनाकार जॉन जर्डी यांनी सुमारे चार चौकांच्या लांबीचे, मध्यभागी ९० फूट उंचीचे कमानदार छत योजले. सुमारे सात कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या या छताचे उद्घाटन १४ डिसेंबर १९९५ रोजी झाले. त्यावेळी छताला सुमारे २१ लाख साधे दिवे होते. २००४ साली त्यांच्या जागी सव्वा कोटी एलईडी दिवे आले आणि २०१९ साली ३ कोटी २० लाख डॉलर खर्चून केलेल्या नूतनीकरणानंतर ही संख्या ४ कोटी ९३ लाखांवर गेली. छत बसविताना 'व्हेगास व्हिक'च्या टोपीची कड थोडी छाटावी लागली. जुन्या प्रकाशाने नव्या प्रकाशाला वाट करून दिली, हे सांगणारी ही बारीकशी घटना पुरेशी बोलकी आहे.

रात्रीची रचना :

या रस्त्यावरील रात्र वरवर पाहता स्वैर वाटते, परंतु तिची आखणी काटेकोर असते. छतावरील चित्रप्रदर्शन रात्रभर सतत चालत नाही. ते ठराविक अंतराने, काही मिनिटांपुरतेच होते. आरंभीच्या काळात प्रदर्शन सुरू होताच दोन्ही बाजूंचे कॅसिनो आपले बाहेरील दिवे मालवीत. सारा जमाव माना वर करून उभा राही आणि प्रदर्शन संपताच तोच जमाव उजळलेल्या दारांसमोर मोकळा होई. रस्त्यावरील मंचांवर होणारे गायनवादनही विनामूल्य असते. २०१४ साली आलेल्या 'स्लॉटझिला' या झिपलाइनचा आरंभ बारा मजली स्लॉट यंत्राच्या आकाराच्या मनोऱ्यातून होतो व त्यावरून जाणारे हौशी लोक गर्दीच्या डोक्यावरून सरकतात.

जे फुकट वा स्वस्त दिसते, त्याचा खर्च अन्यत्र वसूल होतो. गोल्डन गेटमध्ये १९५९ साली सुरू झालेली कोळंबीची वाटी अनेक वर्षे अवघ्या पन्नास सेंटला मिळत असे. खेळणाऱ्याला टेबलावर मिळणारे मद्यही विनामूल्य असते. या सवलतींचा हेतू ग्राहकाला दाराच्या आत आणणे व आत आलेल्याला अधिक वेळ थांबविणे हा आहे, कारण कॅसिनोचे उत्पन्न एखाद्याच्या दुर्दैवावर नव्हे, तर खेळल्या गेलेल्या डावांच्या संख्येवर अवलंबून असते.

जुगाराचे गणित :

हे विधान रूलेटच्या उदाहरणाने स्पष्ट होते. अमेरिकी रूलेटच्या चक्रावर १ ते ३६, शून्य व दुहेरी शून्य असे ३८ खाने असतात. एका अंकावर लावलेला एक डॉलर जिंकल्यास ३५ डॉलर नफा मिळतो. समजा, एखाद्याने ३८ वेळा एकेक डॉलर लावला व प्रत्येक खाना सरासरीप्रमाणे एकदा लागला. त्याचे ३८ डॉलर गुंतले व हाती ३६ आले. दोन डॉलरचा हा फरक म्हणजे ५.२६ टक्के, आणि हाच कॅसिनोचा वाटा होय. एकच शून्य असलेल्या चक्रावर तो २.७० टक्के असतो. तासाला ४० डाव व प्रत्येक डावाला दहा डॉलर असे गृहीत धरल्यास दुहेरी शून्याच्या टेबलावर सरासरी तोटा ताशी सुमारे २१ डॉलर होतो. एखादा खेळाडू एका रात्री जिंकून जाऊ शकतो, परंतु हजारो खेळाडूंच्या हजारो डावांत ही सरासरी क्वचितच चुकते.

पत्त्यांच्या ब्लॅकजॅक या खेळात नियमाची लहानशी सूचनाही महत्त्वाची ठरते. पहिल्या दोन पानांत एकवीस झाल्यास पूर्वापार तीनास दोन या प्रमाणात, म्हणजे दहा डॉलरवर पंधरा डॉलर, मिळतात. अनेक टेबलांवर आता सहास पाच हे प्रमाण लावले जाते व बाराच डॉलर हाती येतात. सहा आणि पाच हे आकडे मोठे असल्याने हा नियम उदार वाटतो, प्रत्यक्षात तो कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढवितो. स्लॉट यंत्रांनी लावलेल्या रकमेपैकी दीर्घकालीन सरासरीने किमान ७५ टक्के परत द्यावेत असे नेवाडाचे नियम सांगतात. याचाच अर्थ जास्तीत जास्त पंचवीस टक्के राखून ठेवण्यास मुभा आहे. गणित गुप्त नसते. ते वाचण्याची उसंत रात्रीच्या झगमगाटात मिळत नाही, एवढेच.

रस्ता कोणाचा? :

छत उभारताना नगराने या रस्त्याचे व्यवस्थापन कॅसिनोंच्या कंपनीकडे सोपविले व पत्रके वाटणे, वर्गणी मागणे, मेज मांडून प्रचार करणे इत्यादी गोष्टींवर निर्बंध घातले. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एसीएलयू या संघटनेच्या नेवाडा शाखेने त्यास न्यायालयात आव्हान दिले. हा आता रस्ता नसून व्यापारी संकुल आहे, असा प्रतिवाद होता. २००३ साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो अमान्य केला. वाहने बंद झाली तरी लोक येथून मुक्तपणे ये-जा करतात, जमीन सार्वजनिक आहे व तिचा इतिहासही रस्त्याचाच आहे, म्हणून हे स्थळ अभिव्यक्तीचे सार्वजनिक व्यासपीठच ठरते, असा या निर्णयाचा आशय होता. २००६ साली याच न्यायालयाने वर्गणी व मेज यांवरील निर्बंधही घटनाबाह्य ठरविले.

भूसंपादनाच्या प्रश्नाने याच प्रकल्पाची आणखी एक बाजू पुढे आणली. वाहनतळासाठी १९९३ साली एका कुटुंबाची जमीन पुनर्विकास संस्थेने सक्तीने घेतली. खाजगी कॅसिनोंना लाभ देणारे हे संपादन 'सार्वजनिक हेतू' ठरते काय, असा वाद झाला. २००३ साली नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. पुढे २००६ व २००८ अशा दोन मतदानांत राज्यातील मतदारांनी खाजगी हितासाठी होणाऱ्या संपादनावर मर्यादा आणणारी घटनादुरुस्ती संमत केली.

न्यायालयीन निर्णयानंतर रस्त्यावर सोंगे घेणारे, वादक व याचक यांची दाटी वाढली. २०१५ साली नगराने त्यांच्यासाठी सहा फूट व्यासाची वर्तुळे आखली व दुपारी तीन ते रात्री एक या वेळेत सोडत काढून ती देण्याची पद्धत सुरू केली. स्वातंत्र्य मान्य करून त्याला जागेची व वेळेची चौकट घालण्याचा हा मार्ग होय. ही तडजोड सर्वांना समाधानकारक वाटत नसली, तरी रस्त्यावरचा कलावंत कंपनीच्या कृपेने नव्हे, तर अधिकाराने उभा आहे, हे तत्त्व तीत टिकून राहिले.

भारतीय संदर्भ :

हा प्रश्न आपल्याकडेही परका नाही. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना, तर १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळांना वाट मिळाली. पणजीजवळ मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो नौकांमुळे शासनाला महसूल मिळतो, त्याचवेळी नदी व तिचा काठ कोणासाठी, ही चर्चाही तेथे सातत्याने होते. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोविषयक कायदा संमत केला, तो कधीच अमलात आणला नाही व २०२३ साली रद्द केला. परिस्थिती भिन्न असली, तरी महसुलाच्या बदल्यात सार्वजनिक जागेचा किती भाग द्यावा, हा प्रश्न समानच आहे.

समारोप :

फ्रीमाँट स्ट्रीट हा रेल्वेने आखला, धरणाच्या वेतनाने वाढला, स्ट्रिपच्या स्पर्धेने मोडकळीस आला व छताने सावरला. या छताने गर्दी परत आणली, हे मान्य करावे लागते. त्यापुढील पूर्वेकडील भागातही उपाहारगृहे व मद्यगृहे वाढली. २०२० साली 'सर्का' हे नवे कॅसिनो हॉटेल याच रस्त्यावर उभे राहिले. परंतु पुनरुज्जीवनाचे यश केवळ गर्दीवर मोजता येत नाही. जुगाराच्या टेबलावरील नियम कॅसिनो ठरवितो व खेळणारा ते स्वेच्छेने स्वीकारतो. टेबलाबाहेरच्या रस्त्यावर मात्र नियम ठरविण्याचा अधिकार नागरिकांचा आहे. पत्रक वाटणारा, गाणारा व एकही पैसा न लावता दिवे पाहून परतणारा माणूस जोपर्यंत तेथे निर्धास्तपणे उभा राहू शकतो, तोपर्यंतच त्या जागेला रस्ता म्हणता येईल. जुन्या बाजारपेठांचे सुशोभीकरण योजणाऱ्या कोणत्याही नगराने हा निकष आराखड्याच्या पहिल्याच पानावर नोंदवून ठेवावयास हवा.